करडईचं चाक

५ जानेवारी

कडबाकुट्टीचं मशीन एकदाचं जिंतूरला आलं. चाकच एवढं जड, टेम्पोतून उतरवायला पाच माणसं लागली.

शाळेच्या फाटकासमोर करडईचं फूल उभं करायचंय. जुन्या अवजारांचं, दोन पुरुष उंच. वखराच्या लोखंडी पासांची पानं, मधोमध हे चाक, आणि त्यावर कडबा कापायची दोन्ही पाती काट्यांसारखी. पोरं येता-जाता हातानं फिरवतील. माझं पहिलं मोठं काम. सव्वीसला उद्घाटन.

बाबांनी मशीन मागितल्याबरोबर दिलं, याचंच नवल. नाहीतर त्यांच्या हातून गंजका खिळा सुटत नाही. आमचा सालगडी सिताराम अर्ध्या सालात पळून गेला, तेव्हापासून ते गोठ्यात पडून होतं. मी तेव्हा परभणीला होस्टेलवर. निघताना बाबांनी पुन्हा बजावलं — "त्या लोकांचा भरवसा धरू नको."

वेल्डिंग नागेशच्या दुकानात. हात लय साफ आहे त्याचा. पण मशीन बघून हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाला, "दिनकररावांचं का हे, ताई?"

बाबांचं नाव याला कसं माहीत?

८ जानेवारी

चाक फिरेना. वाकून पाहिलं तर आतल्या बाजूनं वेल्डिंगचा टाका. "चुकून पडला," म्हणे. पंधरा वर्षं हेच काम करणाऱ्याचा टाका चुकून पडतो? ग्राइंडरनं कापायला लावला.

९ जानेवारी

पुन्हा टाका!

१२ जानेवारी

आता कळायलंय. शाळेचं लोखंडी फाटक नागेशनं केलंय. समोरचं कामही त्यालाच पाहिजे असणार. माझं फूल फसलं की हा पुढं. शेजारच्या पानपट्टीवाल्या योगीराजनंही तेच सांगितलं — "पोटात दुखायलंय त्याच्या."

त्याची बायको रेणुका दुपारी डबा घेऊन येते. मशीनकडं पाठ करून बसते. आज मला चहा दिला, तो डाव्या हातानं! उजवा पदराखाली. एवढा अपमान करायला मी हिचं काय घोडं मारलंय? कप तसाच ठेवला. तिनं पाहिलं.

१४ जानेवारी

संक्रांतीला गावी. बाबांना मोबाइलवर फुलाचा फोटो दाखवला. चष्मा नाही म्हणाले. चष्मा कपाळावर होता.

"वेल्डर कोण?" विचारलं. मी नागेशचं नाव सांगितलं.

"बायको कुठली त्याची?"

हे यांना कशाला पाहिजे? आईनं मधेच तिळगूळ पुढं केला.

१६ जानेवारी

रेणुका दोन दिवस गंगाखेडला भावाकडं गेली, म्हणून नागेश वडापाव खायलाय. मला अर्धा देत होता. घेतला नाही. चाकावर आजही डोळा ठेवून बसले.

१९ जानेवारी

काटे बसवायला घेतले — दोन्ही पाती गायब. रंगाच्या डब्यांमागं ठेवली होती. किल्ली नागेशकडंच असते. तासभर भंगारवाल्याकडं उपसाउपशी केली, तिथंही नाहीत.

"पाती कशाला लागतेत, ताई?" नागेश म्हणाला. "मी पत्र्याचे काटे करून देतो की. पोरं हात लावणार."

पोरांचं कौतुक मला सांगायलाय. रोज पदराखाली काय जातं, ते आता माझ्या ध्यानात आलं. उद्या विचारणार. चारचौघांत.

२० जानेवारी

विचारलं.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, योगीराज होता. "रेणुका, पदराखालचा हात दाखव," म्हणलं. नागेश मधे आला. "ताई, नका." मी ऐकलं नाही. चोरी केली नसेल तर दाखवायला काय होतंय, असंही म्हणलं. हे मी म्हणलं.

तिनं दाखवला.

बोटं नाहीत. अंगठा तेवढा आहे.

"पाती मीच न्हेली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "गंगाखेडला जाताना पिशवीत घातली. गोदावरीच्या पुलावरून गंगेत टाकली. आता कुणालाच घावायची न्हाईत." आणि रिकामा डबा घेऊन निघून गेली.

बाकीचं नागेशनं सांगितलं. ती तेव्हा अकरा वर्षांची. बाप चाक फिरवायचा, ही कडबा आत सारायची. टाका तिच्याच सांगण्यावरून मारत होता, दोन्ही वेळा.

लय लाज वाटायलीय. त्या दिवशीचा चहा तरी प्यायला पाहिजे होता.

कुठल्या गावची, तेवढं विचारायचं धाडस झालं नाही.

२१ जानेवारी

विचारलं. आमच्याच गावची. रेणुका सिताराम.

बाबांना फोन लावला. सालगडी का गेला, एवढंच विचारलं. "पळून गेला, किती वेळा सांगू?" म्हणाले.

"आणि त्याच्या पोरीची बोटं?"

बाबा म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"