मम्मीच्या वाट्याचं पाणी

जळगाव,
२२ मे

चि. अखिल,

जय जिनेंद्र. तुझ्या आयुषीचा निकाल कळला, फार आनंद झाला. इकडे उन्हाने डोळे उघडवत नाहीत. शिंदखेड्यात नळ अजून पंधरवड्यानेच येतो का?

मम्मी इकडे माझ्याकडे ठीक आहे, असं मी फोनवर म्हणाले. तुझी दिपमाला शेजारी असेल म्हणून म्हणाले.

सत्काराचा दिवस आठव. मम्मीने दिवसातून दोनदाच, तेही अर्धा पेला पाणी पिण्याचा नियम घेतला, म्हणून तू शाल आणलीस. ती शाल घ्यायला उठली आणि तिथेच कोसळली. तू म्हणालास, "जीजी, तपस्येत असं होतंच." मी विश्वास ठेवला.

परवा आपल्या साध्वी, महासतीजी, तिला बघायला आल्या. मी म्हटलं, हिचा नियम सोडवा. त्या चकित झाल्या. "मी असा नियम दिलाच नाही. आणि आजारपणात सूट असतेच की!"

मम्मीने तोंड भिंतीकडे वळवलं. त्या गेल्यावर म्हणाली, "रात्री सारखं लघवीला उठावं लागायचं. दिपमाला म्हणाली, मम्मीजींच्या मागे बादल्याच्या बादल्या जातात. प्यायलंच नाही तर उठणं नको. नियम म्हटलं की कोणी आग्रह करत नाही, बेटा."

"अखिलला माहीत होतं?"

"धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यालाच तर सांगितलं. किडनी जाईल, यांना भरपूर पाणी पाजा. येताना गाडीत म्हणाला, टँकर लागेपर्यंत जरा सांभाळून घे, मम्मी. तू त्याला बोलू नको हं."

दिपमालावर माझा राग नाही. बादल्या तीच उचलत होती. पण तू डॉक्टरांचं ऐकलंस, आणि तरी शाल आणलीस.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. माझी टाकी भरलेली आहे, पण आता डॉक्टरांनीच तिचं पाणी मोजून दिलंय. सकाळी ती पेला हातात घेते आणि विचारते, "हे माझ्याच वाट्याचं ना? कोणाचं कमी नाही ना झालं?"

ती आता तिकडे येणार नाही. तू भेटायला ये. तिला बरं वाटेल. मी चहा करीन, समोर बसणार नाही.

दर पत्राखाली 'तुझी जीजी' लिहीत आले. आज हात थांबला.

लाडकुंवरबाईंची मुलगी,
रुची