चिंगीच्या फ्रॉकचं माप

तीर्थरूप आईच्या पायाशी लेकीचा दंडवत.

मी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. परदेशातून शर्टांच्या ऑर्डरी दुप्पट आल्या, म्हणून कारखान्यात नवी मशिनं आली. आमच्या रांगेतल्या बारा बायकांचं काम आता आम्ही पाच जणी उरकतो. माझा हात चपळ, म्हणून मी राहिले. शेजारच्या मावशींना घरी बसवलं. जाताना म्हणाल्या, "पोरी, पाठ सांभाळ गं."

सुट्टी मागितली होती. सुपरवायझर म्हणाले, "ही मालाची बोट भरली की जा." पण एक भरते न भरते तोच दुसरी हजर!

तुझे गुडघे कसे आहेत? माझी चिंगी आईची आठवण काढते का? लेकीला फ्रॉक शिवायचाय, पण माझ्याजवळ गेल्या वर्षीचंच माप आहे. तिची उंची दोऱ्याने मोज आणि तो दोरा पाकिटात घालून पाठव.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी