आणायला गेलेल्याची चकती

१२ मार्च

क्लबच्या दिव्यामुळे लिहायला बसावं लागलं. दुसरं काही कारण नाही.

मी रोजनिशी लिहिणाऱ्यांतली नव्हे. हॉस्पिटलात मेट्रन होते तेव्हा रिपोर्ट लिहिले, तेवढं लेखन पुरे होतं. पण रोज अंधारायला लागलं की खाडीकाठच्या क्लबच्या काठीवर तो पिवळा दिवा लागतो आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात घुसतो. पडदा ओढला तरी घुसतो. भाऊ जाऊन आठवडा झाला. आज त्या दिव्याकडे बघून मी मोठ्याने म्हणाले, "पुरे कर आता!" — रिकाम्या घरात! मग मनात म्हटलं, बाई, दिव्याशी बोलण्यापेक्षा कागदाशी बोल.

तर वस्तुस्थिती अशी. माझा धाकटा भाऊ गेला. वय अठ्ठावन्न. लग्न केलं नाही, माझ्याकडेच राहायचा, बाहेरच्या खोलीत. शीड लावलेल्या फळीवर उभं राहायचं आणि वाऱ्यावर खाडी पालथी घालायची — हे त्याचं आयुष्य. पोटासाठी फ्रीज दुरुस्त करायचा, तेही वारा पडला असेल तरच. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून मी त्याला भिंगरी म्हणायचे. सगळ्या गावाने ते उचललं. भिंगरीदादा, भिंगरीकाका, हल्ली तर भिंगरीआजोबासुद्धा!

त्या दिवशी दुपारी वारा फिरला आणि जमिनीकडून पाण्याकडे वाहायला लागला. नव्याने शिकणारी एक मुलगी आत ओढली गेली. हा गेला. तिचं शीड गुंडाळलं, तिला तिच्याच फळीवर पालथं झोपवलं, दोरी बांधली आणि तिरकं-तिरकं जात, वाऱ्याशी भांडत तिला काठावर आणलं. मग क्लबच्या बाकावर बसला. तिथेच गेला.

मी पोचले तेव्हा लोक त्याला वारा घालत होते. वारा! त्यांना बाजूला सारून मी छाती दाबायला घेतली. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबले नाही. उपयोग नाही हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. तरी.

१३ मार्च

आज परत माणसं. चहाचं आधण उतरलंच नाही.

"चाळीस वेळा पडलो, ताई, पण एकदाही हसले नाहीत."

"माझ्या लग्नाला ओल्या चड्डीत आले होते! तसेच फोटोत उभे आहेत."

"शर्यतीत पहिले चालले होते. मी उलटलो, तर मागे फिरले."

म्हणूनच कधी जिंकला नाही. त्याच्या कपाटात एकच चषक आहे, आणि तोही दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिलेला.

मी काय सांगणार? फ्रिजमध्ये वाळू. आंघोळीच्या बादलीत भिजत घातलेले पट्टे. पाय पुसून ये, हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! आज सकाळी बाहेरची खोली झाडली. सुपलीभर वाळू निघाली. टाकली नाही अजून.

शेजारीण जाता जाता दारात रेंगाळली. "आणि ती आली का हो? चष्म्याच्या दुकानातली? जिच्यापायी हे सगळं —"

मी म्हटलं, "कप ठेवा तिथे."

खरं तर ती आलेली मलाही नको होती. तिचं तोंड बघायची इच्छा नाही.

१४ मार्च

क्लबचा सेक्रेटरी आला. पेशाने दातांचा डॉक्टर, त्यामुळे बोलताना समोरच्याच्या दातांकडेच बघतो. रविवारी शोकसभा आहे. मी पाच मिनिटं बोलावं. शिवाय एका गोष्टीला माझी संमती हवी.

क्लबच्या दारात एक पाटी आहे म्हणे. प्रत्येकाची लाकडी चकती, त्यावर नाव. एका बाजूला खिळे, वर लिहिलंय 'काठावर'. दुसऱ्या बाजूला 'पाण्यात'. जाताना आपली चकती इकडून तिकडे लावायची, आल्यावर तिकडून इकडे. एकही चकती 'पाण्यात' असेपर्यंत काठीवरचा दिवा विझवायचा नाही, फाटक लावायचं नाही. आणि दुसऱ्याच्या चकतीला हात लावायचा नाही. पूर्वी कुणीतरी मदत म्हणून मित्राची चकती काठावर लावून टाकली. मित्र होता पाण्यातच! दिवा विझला, सगळे घरी गेले आणि तो बिचारा सकाळपर्यंत खडकावर कुडकुडत बसला. तेव्हा भिंगरीने हा नियम केला.

"त्यांची चकती अजून 'पाण्यात' आहे, ताई. कुणाचा हात होत नाही. म्हणून दिवा चालू आहे."

असं होय! म्हणून माझ्या स्वयंपाकघरात उजेड.

"समितीला वाटतं, ती तशीच ठेवावी. वर काच बसवू. दिवाही कायमचा लावून ठेवू. भिंगरीकाका कायम पाण्यात!" त्याचे डोळे भरून आले. माणूस वाईट नाही.

मी म्हटलं, "वॉर्डात एखादं मशीन सारखं वाजत राहिलं की दुसरं वाजलं तरी नर्स मान वर करत नाही. कायम लागलेला दिवा कोण बघणार?"

"पण लोकांच्या भावना —"

"भावनांना दिवा लागत नाही. बुडणाऱ्याला लागतो."

तो उठला. जाताना म्हणाला, "मग तुम्हीच हलवा ती चकती."

अडकले! नियम त्याचा. आणि मी जन्मभर नियमाने चाललेली बाई.

१५ मार्च

दिवा आहेच.

१६ मार्च

क्लबवर गेले. इतकी वर्षं घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्या दिवसापूर्वी मी कधी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. मला पाण्याचा तिटकारा आहे.

रखवालदार स्टुलावर बसला होता. गुडघा सुजलेला. फाटक लावता येत नाही म्हणून रोज तिथेच मुक्काम.

"तुम्हीच का नाही हलवत चकती?"

"ते म्हणायचे, मी मेलो तरी माझ्या चकतीला हात लावायचा नाही. आता काय करू, सांगा!" हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं, गुडघा वर ठेवायला लावला आणि दम भरला.

मग पाटी बघितली. त्याची चकती झिजून गुळगुळीत झालेली, नाव जेमतेम वाचता येतं. खाली कुणी कुणी फुलं ठेवलेली.

वॉर्डात शिरलं की आधी सगळ्या खाटा बघायच्या, ही सवय. एका पेशंटपाशी घोळका असला की बाकीच्यांकडे लक्ष द्यायचं. म्हणून बघितलं — तर 'पाण्यात' एक नव्हे, दोन चकत्या!

दुसरी अगदी खालच्या खिळ्यावर. फुलांच्या मागे. रंग ताजा.

"ही कुणाची?"

रखवालदाराने वाकून बघितलं. "अरेच्चा! ही... त्या पोरीची. चष्म्याच्या दुकानातली."

इतके दिवस गाव त्या पाटीपुढे येऊन रडतंय. आणि पाटी सांगतेय की एक जिवंत मुलगी अजून पाण्यात आहे. कुणी वाचलंच नाही!

मीही तिच्या नावाने कप आदळत बसले होते.

१७ मार्च

चष्म्याच्या दुकानात गेले. मालक म्हणाला, त्या दिवसापासून कामावर नाही. घराचा पत्ता घेतला.

दार तिच्या आईने उघडलं. मला बघून दार तसंच धरून उभी राहिली. "तिला काही बोलू नका हो. ती जेवत नाही."

"मी भांडायला आले नाही. वरण-भाताचा आग्रह करायलाही नाही. कुठे आहे?"

खोलीत पडदे लावलेले. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोर, गादीवर भिंतीला पाठ लावून बसलेली. ओठ फुटलेले. मी पडदा सारला, खुर्ची ओढली.

"नाडी दाखव."

मुकाट्याने हात पुढे केला. मग एकदम म्हणाली, "माझ्यामुळे गेले ते."

"कसे?"

"मी चकती लावली नाही म्हणून."

हे मला नवीन होतं. मग सांगितलं तिने, तुटक तुटक. भिंगरीची एक पद्धत होती, पहिल्याच दिवशी सगळ्यांना शिकवायचा — जो दुसऱ्याला आणायला जातो, त्याने आपली चकती नंतर लावायची. आणलेल्याने आधी. त्या दिवशी काठावर आल्यावर तो बाकावर बसला आणि म्हणाला, "जा, लाव तुझी चकती. मग मी लावतो, मग चहा." हिचे दात वाजत होते, उलटी होत होती. मैत्रिणीने टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर घातलं आणि घरी नेलं. मागून त्याने हाक मारली, "अगं, चकती!" हिने हात हलवला. उद्या लावू म्हणून.

"ते माझी वाट बघत बसले, ताई. लावली असती तर ते उठले असते. घरी गेले असते."

मी पाणी मागवलं. ते मला हवं होतं, तिला नाही.

मग म्हटलं, "नीट ऐक. मी शेकडो माणसं जाताना पाहिली आहेत. हृदय बंद पडायचं असलं की कुणाच्या चकतीसाठी थांबत नाही. तू लावली असतीस तर तो पाटीपाशी उभा असताना पडला असता. तसा पडला नाही. बाकावर बसला होता, समोर पाणी, आणि काम झालं होतं. आणखी काय हवं होतं त्याला? चहा तेवढा राहिला."

ती रडायला लागली. रडू दिलं. मला ते अजून जमलेलं नाही.

निघताना सांगितलं, "त्याने तुला अर्धंच आणलंय. उरलेलं तुझं तू यायचं आहे. चकती लाव."

"तिथे सगळे माझ्याकडे बघतील."

"बघू देत. लोकांना नीट दिसावं हाच तर तुझा धंदा."

हसली नाही. पण आईने दारात माझा हात धरला.

१८ मार्च

काही निरोप नाही. वाळू अजून सुपलीतच आहे.

१९ मार्च

शोकसभा. एवढी माणसं! फाटकाबाहेर उभी. सेक्रेटरी काच घेऊन तयार. चार खिळेही खिशात.

माझी पाच मिनिटं आली. बोलायचं ठरवून गेले होते ते सगळं विसरले. म्हटलं, "तो गेला तेव्हा कुणाची तरी वाट बघत बसला होता. तुम्ही सगळे त्याच्या चकतीकडे बघताय. जरा फुलं बाजूला करून खाली बघा."

सेक्रेटरीने फुलं उचलली. वाचलं. मान खाली घातली. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे देवा! ही पोर अजून —" आणि शेजारीणबाई रुमालात तोंड लपवायला लागल्या.

"काच नको," मी म्हटलं. "ती येईपर्यंत दिवा राहू दे. तिच्यासाठी. आणि ती आली तर कुणी एक शब्द बोलायचा नाही. हा माझा नियम."

सगळे थांबले. खूप वेळ. ती आली नाही.

२० मार्च

आली!

दिवेलागणीला रखवालदाराचा निरोप आला म्हणून गेले. फाटकाशी आई उभी, ती आत. पाटीपुढे हात मागे बांधून, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारखी. आम्ही कुणी बोललो नाही. तिने चकती काढली. हातातून पडली. उचलली, आणि 'काठावर'च्या खिळ्याला लावली.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता त्यांची?"

रखवालदार म्हणाला, "नियम आहे..."

नियम मला माहीत आहे. पण मी त्याची मोठी बहीण. अंधार पडला की खेळातून कान धरून त्याला घरी आणणं माझंच काम होतं. आई दारात ताटकळायची आणि हा पाचच मिनिटं, पाचच मिनिटं करत पळायचा.

मी चकती काढली. हलकी होती. "चल, भिंगरी," म्हटलं, "झाला खेळ. सगळे आले. आता घरी."

आणि लावली.

रखवालदाराने दिवा विझवला. फाटकाला कुलूप लावलं. लंगडत लंगडत घरी गेला.

स्वयंपाकघरात अंधार. किती अंधार! मला वाटलं होतं बरं वाटेल. मग मात्र रडले. चांगली रडले.

२१ मार्च

वाळू खाडीच्या काठावर नेऊन ओतली. पाय पुसून घरात आले.

९ एप्रिल

आज दिलेल्या-घेतलेल्याची नोंद.

चष्म्याच्या दुकानातल्या मुलीला दिलं — त्याचं निळं शीड, कोपऱ्याला मी शिवलेल्या ठिगळासकट. कमरेचा पट्टा. फळी मोठी आहे, तिला पेलेल तेव्हा देईन.

दुसऱ्याचा चषक ज्याचा त्याला परत.

मला मिळाली त्याची शिट्टी, पाण्यावर जाताना गळ्यात असायची ती. रखवालदाराने स्वतः धुऊन आणून दिली.

वारा बरा आहे, पाण्याकडून जमिनीकडे. तिची चकती 'पाण्यात'. हे मी बाकावर बसून लिहितेय. आभाळ भरून आलंय, म्हणून दिवा आत्ताच लावायला सांगितला. ती येऊन चकती लावेपर्यंत उठायचं नाही.