एउलालियाचा फणस

कुर्वा ग्रांदे,
९ ऑगस्ट २००६

प्रिय एउलालियाताईस,

देओक्लेसिओचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे धरलेत, जीभ मात्र तशीच तिखट आहे. कसाव्याचे कंद यंदा भरपूर आले. बावीस वर्षांनी तुला लिहितोय.

काल सरकारने गावाला जमिनीचा कागद दिला. कुणा एकाच्या नावे नाही, अख्ख्या गावाच्या नावे. कधी विकता यायची नाही. आपले पणजोबा मळ्यावरच्या गुलामीतून पळून इथे जंगलात लपले, तेव्हापासून जो तो आपल्याला विचारत आला, कुणाच्या जागेत बसलात म्हणून. आईला वाचता येत नाही, तरी तासभर तो कागद मांडीवर धरून बसली होती. माझा अजून विश्वास बसत नाही.

मोजणीचं सांगायला हवं. अधिकारी बाईंनी जमीन आपलीच असल्याचा पुरावा मागितला, तेव्हा म्हाताऱ्यांनी झाडं दाखवली. ज्याची नाळ ज्या झाडाखाली पुरलेली, तो त्या झाडाशी जाऊन उभा राहिला. नव्वदीचे झेनोबियोकाका चिंचेला टेकून उभे. मेलेल्यांच्या झाडांशी त्यांची नातवंडं. नदीपर्यंत झाडागणिक माणूस. ताई, एवढे आहोत आपण, हे मलाही ठाऊक नव्हतं. बाईंनी डोक्यावरची टोपी काढली.

मग नदीकाठचा कोपरा आला. शेजारच्या जमीनदाराचा त्यावर डोळा. तिथे तुझा फणस हवा होता.

त्यावर वीज पडली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. वीजबीज काही पडली नव्हती. शहरात तुझ्या लग्नात तू 'माझं कुणी नाही' म्हणालीस, हे कानावर आलं त्या दिवशी मी कुऱ्हाड घेऊन गेलो होतो.

"इथे तर काहीच नाही," जमीनदाराचा वकील हसला. "गवत मोजायचं का?"

"देओ, बोल आता," आई म्हणाली. "वीज एवढं सरळ कापत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं."

मी गवत उपटून बुंधा दाखवला. सगळ्यांदेखत कबूल केलं. लाजेने मान वर होईना.

"पण चांगलं फळतं झाड तोडलंत का?" बाईंनी विचारलं.

"बहिणीचं होतं म्हणून."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं: फणसाचा बुंधा, एउलालियाचा, भावाने रागाने तोडलेला. त्या ओळीवर कोपरा आपल्याकडे राहिला.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. आई वाट बघते. विचारलं तर कबूल करायची नाही.

शहरात कुणी भाऊ आहे का विचारलं तर खुशाल नाही म्हण. सरकारी शिक्क्यानिशी आता मी

तुझा भाऊ,
देओक्लेसिओ