दिवेलागणीला पेटणाऱ्या ट्यूबा

अहो,

तुमच्याशी बोलायला मला कधी कागद लागला नव्हता. इतके दिवस मी तुमच्या बेस गिटारच्या अ‍ॅम्पसमोर बसूनच बोलत आले. पण काल दुपारी आपल्या जुईने त्याच्या आतल्या काचेच्या ट्यूबा बदलल्या, आणि तेव्हापासून तो खोका नुसता खोका झालाय. मग बोलू कुठे? त्यात आज सकाळी समोरच्या पाटीलमावशी जे सांगून गेल्या, त्यानंतर ऑफिसला जायचं त्राणच अंगात राहिलं नाही. रजा टाकली आणि लिहायला बसले.

आधीच सांगते, रागावू नका. तुमच्या वस्तूला हात लावलेला तुम्हाला कधी खपत नसे, हे मला माहीत आहे.

किती भांडले असेन मी त्या अ‍ॅम्पवरून! सवत म्हणायचे त्याला. उलव्याच्या फ्लॅटमधला एवढासा हॉल, त्यात सोफा मागे सरकवून तुम्ही ते धूड बसवलंत. बाकीचे वाजवणारे हातात धरून नेण्याएवढे डबे घेऊन हळदीच्या कार्यक्रमांना जात, आणि तुम्ही मात्र दोन माणसं लावून हा टेम्पोत चढवत होता. "एखादा हलका घ्या की," म्हटलं तर म्हणायचात, "सुनंदा, काचेत तापून आलेला आवाज आहे हा. थंड खोक्यात तो कुठून येणार?" दिवसभर न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनर मोजणारा माणूस संध्याकाळी असं काही बोलायचा, आणि मी कपाळाला हात लावायचे.

तुम्ही गेल्यावर, दिवसकार्य आटोपून पाहुणे परतले, तेव्हा घर खायला उठलं. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला आणि वळले तर समोर हा. काळा, थंड. काय वाटलं कुणास ठाऊक, तुम्ही लावायचात तसा लावला. आधी एक बटण. मग थांबायचं. "जीव येऊ दे त्याला," असं तुम्ही म्हणायचात. मग दुसरं बटण. जाळीमागे एकेक ट्यूब नारिंगी होत गेली आणि हॉलमध्ये तुमचा तो ओळखीचा, तापलेल्या धुळीचा वास आला.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला देवापुढे समई आणि हॉलमध्ये अ‍ॅम्प. जुई म्हणायची, "आई, गिटार न लावता हा कशाला चालू ठेवतेस?" मी म्हणायचे, "तुझ्या आजीने तुळशीला कधी विचारलं होतं का, दिवा कशाला म्हणून?"

पावलं ऐकू यायला लागली ती गणपतीच्या आसपास.

पहिल्या दिवशी वाटलं, विमान असेल. आता विमानतळ सुरू झालाय ना, विमान डोक्यावरून गेलं की अ‍ॅम्पही आतून गुरगुरायचा. पण हे तसं नव्हतं. धप्, मग घस्स. धप्, मग घस्स. उजवा पाय टाकायचा आणि डावा ओढायचा. यार्डात पायावर साखळी पडल्यापासून तुम्ही चालत होता तसंच, अगदी तसंच. स्वयंपाकघराकडून यायचं आणि बाल्कनीशी थांबायचं. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. भीती वाटली का? वाटली. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून जरा लवकरच निघाले.

मग मी बोलायला लागले. भाजी काय केली, सोसायटीत पाण्यावरून कोण कोणाशी भांडलं, जुई कशी उलट बोलते. आणि माझाच आवाज अ‍ॅम्पमधून बारीक, लांबून, विहिरीतून आल्यासारखा परत यायचा. मला वाटायचं, तुम्ही माझं बोलणं पुन्हा म्हणून बघताय.

हे असंच चाललं असतं. पण तुमच्या ऑर्केस्ट्राच्या विलासदादांचा फोन आला. शनिवारी बामणडोंगरीला हळद आहे. तुमच्या जागी आलेला पोरगा गल्फला गेला. "वैनी, जुईला पाठवा. बापाचा हात हाय तिच्या बोटांना. पन आवाज तसाच पायजे, हां. नायतर मग मी कीबोर्डवरच बेस घेतो, माजा पन नाईलाज हाय."

अहो, तिने किती दिवस वाट बघितली होती या फोनची! तुमची गिटार काढली, अ‍ॅम्पला लावली, आणि पहिलीच तार छेडली तर चिखलात पाय रुतावा तसा आवाज. ना ठोका, ना गोलाई. मध्येच एक शिट्टी. ती पुन्हा पुन्हा बटणं फिरवत राहिली. शेवटी मागची फळी उघडून बघितली आणि माझ्याकडे वळली.

"आई, ट्यूबा संपल्यात. पार संपल्यात. या तापल्या की झिजतात गं. रोज किती वेळ लावतेस तू हा?"

मी सांगितलं.

बोलता बोलता मलाच कळलं. तुमचा आवाज जपायला म्हणून मी रोज त्यातला थोडा थोडा जाळत होते. सांगा, असा वेडेपणा दुसऱ्या कोणी केला असता?

पण बदलायला मात्र मी साफ नाही म्हटलं. पावलांचं सांगून टाकलं तिला. ती हसली नाही, हे तिचं चांगलं. पेन्सिल घेऊन पुढच्या एका छोट्या ट्यूबवर हलकेच टिचकी मारली. स्पीकरमधून टण्ण आवाज आला. "ही बघ. ही जुनी होऊन माइकसारखी झालीय. जवळ काहीही हाललं की ऐकू येतं. फरशी हालली तरी. आणि आई, तू आता जरा चाल बघू. स्वयंपाकघरापासून."

चालले. धप्, घस्स. धप्, घस्स.

जुईने माझ्या पायांकडे बोट दाखवलं. तुमच्या रबरी चपला होत्या पायात. तुम्ही गेल्यापासून घरात त्याच घालते मी. मोठ्या होतात, म्हणून ओढत चालते. "ती तूच आहेस गं आई," ती म्हणाली आणि मला जवळ घेतलं. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की रडूही येईना.

चपला दाराबाहेर काढल्या. पाय वर घेऊन सोफ्यावर बसले. जुई खाली फरशीवर मांडी घालून, गिटार मांडीत. अ‍ॅम्प चालूच होता. बाहेर उजेड होता अजून, खाली मुलं क्रिकेट खेळत होती.

धप्. घस्स.

मी जुईकडे बघितलं. तिने तारांवर हात दाबून धरला होता. स्वयंपाकघराकडून पाऊल आलं, सावकाश, आमच्या दोघींच्या मधून गेलं आणि अ‍ॅम्पजवळ येऊन थांबलं. जाळीमागच्या ट्यूबा एकदम उजळल्या आणि पुन्हा नेहमीसारख्या झाल्या.

"वरच्यांचं असेल," जुई म्हणाली. वर गच्ची आहे, हे तिलाही माहीत आहे. मग म्हणाली, "बंद कर, आई."

दोन दिवस गेले. जुईने मागवलेल्या नवीन ट्यूबांचं पार्सल आलं, ते तसंच टेबलावर पडून. काल ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुला बाबा चालताना ऐकायचेत. मला वाजवताना ऐकायचेत. मी काय करू सांग."

मी पार्सल तिच्याकडे सरकवलं.

तरी मी घासाघीस केलीच. म्हटलं, मोठ्या चारही बदल, ती एक छोटी तेवढी राहू दे. तर म्हणाली, शिट्टी तीच मारते, स्टेजवर नुसती बोंबलेल. अडला हरी म्हणतात तशी गत झाली माझी. "काढ," म्हटलं.

तुम्ही शिकवलं होतंत तसंच सगळं केलं तिने. प्लग काढून ठेवला, थांबली. हा बंद केल्यावरही आत जिवंत असतो, लगेच हात घालायचा नाही, हे तुमचं वाक्य तिने मलाच ऐकवलं. मग फडक्यात धरून, हळूहळू डोलवत, एकेक ट्यूब उपसली. आतून काळवंडलेल्या होत्या सगळ्या. ती छोटी मात्र प्लग काढून इतका वेळ झाला तरी गरम होती. जुईने फडकं बदललं, माझ्याकडे बघितलं नाही. नव्या बसवल्या, मीटर लावून काय ते जुळवलं, आणि अ‍ॅम्प लावला.

काही नाही. गुरगुर नाही, खरखर नाही. मी उठून मुद्दाम पाय आपटत स्वयंपाकघरात जाऊन आले. अ‍ॅम्प गप्प. "सुनंदा आलीय," असं सुद्धा म्हणून बघितलं मी. तो गप्पच.

मग जुईने सगळ्यात जाड तार छेडली.

अहो! कपाटातले पेले वाजले. तो आवाज फरशीतून माझ्या तळपायात आला, पोटात आला. तुमचाच. जसाच्या तसा. तुम्ही तिशीत होता तेव्हाचा, आपल्या हळदीत घुमला होता तो. पोरगी वाजवत सुटली आणि मी पदर तोंडात कोंबून उभी. संध्याकाळ झाली, समई लावायची राहून गेली, आम्हाला दोघींना भान नव्हतं.

आणि आज सकाळी पाटीलमावशी तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आल्या. दारातच म्हणाल्या, "काल सांजचा तुज्या घरशी कोन गेला गो?"

"कोणी नाही, मावशी. आम्ही दोघीच होतो."

"आसं कसं? तुजी पोर वाजवीत व्हती तवाच. मी दारान बसलेली. पाय घासत खाली गेला नं जिन्यानं. मी बोल्ले, बाबा, लिफ्ट चालू हाय, जिना कशाला? वलून पन नाय बगला."

मावशींनी तुम्हाला कधी बघितलं नाही. तुमच्यानंतर राहायला आल्या त्या.

त्या गेल्यावर मी जिन्यापर्यंत जाऊन आले. अहो, त्या पायाने सहा मजले? लिफ्टशिवाय एक मजला चढला-उतरला नाहीत तुम्ही कधी. आणि मला न सांगता? मी आत होते, दहा पावलांवर! एक हाक मारता आली नसती? खूप राग आला मला तुमचा. कठड्याला धरून खालपर्यंत वाकून बघितलं. कोणी नव्हतं.

मग आठवलं. तुम्हाला पोचवून पुरुषमाणसांबरोबर जुईही परतली, तेव्हा तुमचे धाकटे काका तिला सांगत होते, मसणातून निघालं की मागे वळून बघायचं नसतं. गेलेल्याचा पाय अडतो. मी घरात बायकांमध्ये बसलेली. आम्हाला हे कोणी सांगतच नाही.

काल तुम्ही तो नियम पाळलात. लेकीचा हात ऐकलात, आणि वळून न बघता उतरून गेलात.

मी मात्र वर्षभर, रोज दिवेलागणीला, मागे वळून बघत राहिले. तुमचा पाय मीच अडवून धरला होता.

नव्या ट्यूबा जुईच्या आहेत. ती वाजवेल तेव्हाच पेटतील. मी बटणाला हात लावणार नाही. शनिवारी हळदीला जाईन, पहिल्या रांगेत बसेन आणि समोर बघेन. मागे पाऊल वाजलं, तरी वळणार नाही. हा शब्द देते तुम्हाला.

सावकाश जा.

तुमची,
सुनंदा