यंदा मुलं आजीकडे राहतील का

६ ऑक्टोबर
फाउंडेशनचा अर्ज गेला एकदाचा. संस्थेच्या शहरातल्या ऑफिसात दुपारभर मी आणि प्रमोद. तो हिशेब बघतो, मी शब्द. संस्थेचं काम थोडक्यात लिहा म्हणे. लिहिलं: सुरगाण्याच्या पाड्यांवरचे आईबाप मजुरीला बाहेर पडले की मुलंही शाळा सोडून मागे जातात. ती गावात आज्यांच्या घरी राहावीत म्हणून आम्ही त्या घरांना धान्य, तेल, मीठ पुरवतो. बस. इमारत नाही, पाटी नाही.
पुढचा प्रश्न, तुमच्यानंतर हे कसं चालेल? 'आज्या आमच्या आधीपासून आहेत,' असं लिहिलं. प्रमोदने खोडलं. उद्धट वाटतं म्हणाला. असेल.
जुन्या देणगीदारांनी यंदा हात आखडता घेतलाय. हेही नाही झालं तर...

११ ऑक्टो.
पाड्यावर. द्राक्षाच्या छाटणीला पहिल्या जीपा दिंडोरीकडे गेल्या. त्यांची मुलं जिवलीआजीकडे. सगळ्या आज्यांची पुढारी ती. मंगलचे आईबाप भात कापून, दिवाळीनंतर निघणार. मंगल आठवीत. या पाड्यावरची एकही मुलगी अजून त्यापुढे शिकलेली नाही. तिची आई म्हणाली, "ताई, तुमचं धान्य आलं तं ठेवू. नाय तं नेऊ. म्हातारीवर किती टाकायचं?"
काय चुकीचं बोलली?

१६ ऑक्टो.
फाउंडेशनच्या मॅडम पाहणीला आल्या. भली बाई. चढ चढून दमल्या, पण कुरकुर नाही. पाडा लख्ख. अंगणं सारवलेली. आणि मूल? एकही नाही!
जिवलीआजी हरखून सांगते, "पावनी येनार म्हून पोरां पल्याडच्या पाड्यावर धाडली. कलकल नको." अंथरुणंसुद्धा माळ्यावर टाकलेली. मोठं माणूस घरी आलं की पोरांना बाहेर काढायचं, ही इथली रीत. मला चांगली माहीत. आधी सांगून ठेवायचं सुचलंच नाही.
मॅडम हळूच म्हणाल्या, "मुलं नक्की राहतात ना इथे?"
निरोप धाडला, पण मुलं येईपर्यंत थांबणं त्यांना शक्य नव्हतं. आजीचा भयंकर राग आला होता. मग त्या रागाचीच लाज वाटली.

१८ ऑक्टो.
प्रमोद म्हणतो, मुलांना अंगणात बसवून फोटो पाठवू. नको म्हटलं, आता ते बसवलेलेच दिसणार. संध्याकाळी त्याने पाठवलेच.
मॅडमचं उत्तर लगेच. 'विश्वस्तांपुढे ठेवते. तुम्ही खोल्या का बांधत नाही, असं ते विचारतील. खोल्यांना देणं सोपं जातं.' मनापासून सुचवलंय, कळतं. पण खोलीत ताप आलेल्या पोराजवळ कोण बसणार? आजीचं घर आजीचं असतं. हे अर्जात कसं मांडायचं?

२५ ऑक्टो.
दिवाळी झाली. विश्वस्तांची बैठक पुढे गेली. प्र. रोज ईमेल बघतो, मी रोज त्याला विचारते. दोघंही चिडलेलो.
जिवलीआजीचा फोन. कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. "ताई, माझ्यानं बिघडलं का?" नाही म्हटलं. पुरेसं ठाम म्हटलं गेलं नाही बहुतेक.

२ नोव्हें.
पाड्यावर शेवटची जीप. मंगलचं गाठोडं टपावर चढलेलं. तिच्या आईने विचारलं, "काय झालं ताई?"
खरं तेच सांगितलं. अजून उत्तर नाही.
जिवलीआजी म्हणाली, "नागली हाय घरात. खाऊ तवर."
आई आजीकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मंगल खाली मान घालून उभी. मी म्हटलं, "ठेव."
कशाच्या जोरावर म्हटलं? माहीत नाही. मंगल स्वतःच टपावर चढली, गाठोडं उतरवलं. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवून जीपमध्ये बसली. मागे वळून पाहिलं नाही तिने.
वणीपाशी रेंज आली. फाउंडेशनचे दोन मिस्ड कॉल. घरी येऊन जेवण झालं, भांडी झाली, तरी उलटा फोन लावलेला नाही. प्रमोदलाही सांगितलं नाही. ते काहीही म्हणोत, मंगल आता तिथे आहे.