शुभ दिवस नव्हे, तारीख

मी, मियासाका तोकुजी, वय एक्याऐंशी, धंदा घड्याळं बनवणं, राहणार सुवा तळ्याकाठी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. पाय थकलेत, डोकं शाबूत आहे.

आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात तारखेच्या जागी मी ‘शुभ दिवस’ लिहिलं होतं. आमच्याकडे आहेरावर, कबरीच्या दगडावर तसंच लिहितात. हात वळणाने गेला. कचेरीतला लेखनिक पोट धरून हसला, "घड्याळजी, जन्मभर लोकांना वेळ दाखवलीत आणि स्वतःच्या कागदावर तारीख नाही? कायद्याच्या लेखी हा कोरा कागद!" तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. त्या कागदात कारखान्यातल्या मात्सुएचं नाव नव्हतं. हात चुकला की अडला, देव जाणे.

१. घर, मागचा वाफा आणि आईचं लोणच्याचं पिंप मुलगा कियोताकाला. लोणचं दाबायचा पिंपावरचा दगड बदलू नये.

२. कारखाना कियोताकाला. मात्र तपासणीची खोली आणि माल अडवण्याचा हक्क इवानामी मात्सुएचा. कियोताका, नाक मुरडू नकोस, कारण वाच.

शोवा ३३च्या, म्हणजे १९५८च्या हिवाळ्यात बाजारात मोठ्या कारखान्यांपुढे आमचा टिकाव लागेना. ओसाकाच्या व्यापाऱ्याची पहिली मोठी मागणी आली. माल निघायच्या दिवशी बावीस वर्षांची मात्सुए दारात आडवी उभी राहिली. "मालक, थंडीत यातलं तेल गोठतं. घड्याळं बंद पडतील."

"तुला काय कळतं? शेगडीजवळ बस नि हात चालव!" मी तिला खोकी बांधायला पाठवलं. महिन्याभरात सगळी घड्याळं परत आली.

मात्सुए दुसरं तेल घालून बारा घड्याळं गोठलेल्या तळ्यावर रात्रभर ठेवून आली. सकाळी बाराही चालत होती. तेव्हापासून आमचं प्रत्येक घड्याळ विकण्याआधी एक रात्र थंडीत काढतं. उत्तरेचे टपालवाले, रेल्वेवाले, कोळी आमच्याकडे वळले ते यामुळेच. तीन कामगारांचे तीनशे झाले.

३. कारखान्याच्या दारावरच्या पाटीवर ‘थंडीची कसोटी ही मालकांची कल्पना’ असं कोरलंय. ते मीच कोरून घेतलं. ती पाटी उतरवून मात्सुएच्या नावाची लावावी.

४. माझे चिमटे आणि भिंग दुरुस्तीवाल्यांना. तळ्यापलीकडचा घड्याळवाला हायाशी ‘मियासाकाची घड्याळं माशांसाठी’ म्हणून हसायचा, पुढच्याच हिवाळ्यात त्यानेही आपली घड्याळं बर्फावर मांडली. त्याचा राग मी सोबत नेत नाही, इथेच टाकतो.

परवा हे सगळं मात्सुएला सांगितलं. ती म्हणाली, "मालक, कागदावर नको. एकदा तोंडाने म्हणा ना, ‘तू बरोबर होतीस.’" मी हातातल्या घड्याळाला किल्ली देत बसलो. ते वाक्य तेवीस वर्षं अडकलंय. हा कागद मी मेल्यावर उघडणार. तोवर थांबायला वेळ नाही.

तिला हिस्सा मिळणार, म्हणून कायद्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही.

साक्षीदार: कोगुची शोइची, सोयाबीनच्या मिसोचे दुकानदार, फुजिमोरी काने, शेजारीण.

सही व शिक्का: मियासाका तोकुजी
ठिकाण: सुवा
तारीख: शोवा ५६ (१९८१), १७ फेब्रुवारी, सकाळचे दहा वाजून सात मिनिटं. साडेदहापर्यंत मात्सुए तपासणीच्या खोलीत असते. काठी घेऊन निघतो आहे.